भुईचाफ्याची खुशाली

॥ श्री ॥

भिसेगाव, चैत्र वद्य तृतीया, शके १८१५

तीर्थस्वरूप सासूबाई यांचे चरणी जावई आबाजीचा नमस्कार. इकडे माझी प्रकृती बरी आहे. आपल्या गुडघ्याला तेलाचा गुण आला की नाही ते कळवावे. (मेव्हण्या येसाजी, आईंना पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी आहे. तो मोठ्याने वाचू नकोस. कंस आला की खोक.)

आपला निरोप पोचला. जयवंताच्या वर्षश्राद्धाला याल तेव्हा, तिला लग्नात दिलेल्या भुईचाफ्याचा एक कंद परत न्याल, लेकीच्या हातचे तेवढे तरी साजगावच्या दारात राहील, असे आपले म्हणणे. अवश्य न्यावा. भुईचाफा परसात फणसाखाली, तिने लावला तिथेच आहे व सुखरूप आहे. (भुईचाफा मेला. मीच मारला. खोक.)

त्याची निगा कशी राखली ते सविस्तर लिहितो. पावसाळ्यात पाने चांगली हातभर आली, वरून रुपेरी नक्षी, खालून जांभळी. आश्विनात मला वाटले, बिचारा सावलीत कुढतो आहे. (मालगुदामाच्या अंधारात दिवस काढणाऱ्या कारकुनाला दुसऱ्याच्या उन्हाची काळजी वाटणारच.) म्हणून तो उपटून अंगणात उन्हात लावला. तीन दिवसांत पानांच्या सुरळ्या झाल्या. शेजारच्या सोनाबाई कुंपणावरून ओरडल्या, "अवं भावजी, सावलीतलं झाड ते, उन्हात कशाला वाळवताय? पापड हाय का?" मग तो पुन्हा फणसाखाली गेला.

मार्गशीर्षात पाने पिवळी पडून भुईला टेकली. मी रोज दोन घागरी पाणी घालू लागलो. सोनाबाई म्हणाल्या, "झोपलाय तो. झोपलेल्याच्या तोंडात पानी वतत्यात व्हय? चैत-वैशाखात उठंल आपसूक." पण गेल्या वैशाखात समाचाराला आलेला जो तो मला हेच सांगत होता, की बघा, झोपल्यागत दिसते. त्यामुळे या शब्दावरून माझा विश्वास उडालेला. मी पाणी चालूच ठेवले, आणि कंद जिवंत आहे की नाही हे दर आठ दिवसांनी उकरून पाहू लागलो. (येसाजी, तुलाही कुणी दर आठ दिवसांनी पांघरूण काढून चिमटा घेतला, तर किती दिवस टिकशील?)

पौषापर्यंत तिथे नुसती माती राहिली. शेळ्या येऊ नयेत म्हणून मी त्या मातीला काट्यांचे कुंपण घातले, आणि कामावरून आलो की पाट टाकून तिच्याकडे बघत बसू लागलो. पलीकडच्या नागूची खात्री झाली, की मी तिथे जयवंताचे दागिने पुरले आहेत. तो एक दिवस विचारायला आला, "आबाजी, काय हाय रं तिथं?" मी म्हणालो, काही नाही. "काय नाय त्याला कुंपण?" मी कुंपणाचे काटे सारखे करीत राहिलो. बोलणे मला कधी जमले नाही, हे आपण जाणताच. (जयवंता दोघांचे बोले.)

माघात दोन दिवस कामासाठी खोपोलीला गेलो होतो. परतून पाहतो तर फणसाखाली गुडघाभर खड्डा, आणि त्यात नागू उभा, हातात कुदळीने चिरलेले कंद. तो माझ्यावरच रागावला. "रताळी पुरून त्यांच्याकडं बघत बसतोस? मानूस हायेस का कोन रं तू?" मग मी त्याला सगळे सांगितले. एवढे सलग मी वर्षात कुणाशी बोललो नव्हतो. त्याने कंद पुन्हा पुरले, माती सारखी केली, आणि तेव्हापासून रोज आपला पाट घेऊन येतो व माझ्याशेजारी बसून मातीकडे बघतो.

(आता मुद्द्याचे. तुमच्या विहिरीपाशी याच वाणाचे कंद आहेत. त्यातले चार हसनभाईच्या बैलगाडीतून गुपचूप पाठव. मी ते फणसाखाली पुरीन आणि आई त्यातलाच एक लेकीचा म्हणून नेतील. पाप माझ्या माथी. खोक, जोरात.)

कळावे, लोभ असावा.
आपला, आबाजी

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी आज सकाळी परसात गेलो. फणसाखाली पान नाही, देठ नाही, आणि मातीतून थेट तीन फुले वर आली आहेत. पांढरी, मध्ये जांभळी. वास दारापर्यंत येतो. नागू पाट न टाकताच उभा राहिला. सोनाबाईंनी कुंपणावरून एवढेच विचारले, "भावजी, दोन घागरी वतू का?"

दुसरा ता. क. सासूबाई, हे पत्र नव्याने लिहावे असे मनात होते, पण तसेच धाडतो. येसाजीला कंसांसकट वाचायला सांगावे. मी आपल्याला फसवणार होतो, हे आपल्याला माहीत असावे. कंद तिचाच आहे, पण आताच काढता यायचा नाही. फुले संपून पाने येतील, वाढतील, पिवळी पडतील, मगच तो उकरावा असे सोनाबाई म्हणतात. म्हणजे मार्गशीर्ष उजाडणार. एकेक फूल मात्र एखादाच दिवस टिकते, मागच्या कळ्याही आठ-दहा दिवसांत संपतील आणि श्राद्धाला अजून तीन आठवडे आहेत. तेव्हा त्या दिवसाची वाट न पाहता पत्र पोचताच निघावे, आणि कंद निघेपर्यंत इथेच राहावे. घरात पाट दोन झाले आहेत. तिसरा सुताराकडे करायला टाकला आहे.