हाळीचा चौकोन

भिवंडी,
११ नोव्हेंबर १९८९

प्रिय कोंडू,

सप्रेम नमस्कार. तुझा दापोड्याचा पत्ता तुझ्या शेवंताताईने दिला. आधी नाहीच म्हणाली. मग चहा पाजला आणि वहीचं पान फाडून लिहून दिला. गोदामात हमाली करतोस म्हणे. तुझी ती काटकुळी पाठ आणि त्यावर पोती! तब्येतीला जप.

इकडे आम्ही ठीक. कॉलेजला दिवाळीची सुट्टी आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे हे आई अजून गल्लीभर सांगते, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉम्प्युटर लांबूनच दाखवतात, तोही चपला बाहेर काढून. बाकी सगळं फळ्यावर. बाबा शेठच्या लूमच्या कारखान्यात हिशेब सांभाळणारे मेहताजी आहेत तसेच आहेत. मेन स्विचवर तुझ्या जागी नवा माणूस आलाय.

एवढं कळवायला मी पत्र लिहीत नाहीये, हे तुलाही कळलं असेल.

तुझ्या चांगदेवमामांची जखम भरली. उजव्या हाताची तीन बोटं नाहीत, त्यामुळे लूम सुटलं ते सुटलंच. वर शेठने चौकशीत सांगून टाकलं की लाईट आल्यावर कोंडूने नेहमीसारखी हाळी दिली होती, चांगदेवलाच ऐकू आली नाही, तीस वर्षं लूमच्या आवाजात राहून त्याचे कान गेलेत. तू खाली मान घालून उभा होतास. सगळ्यांना वाटलं, मामाचं दुःख झालंय पोराला. तू हाळी दिलीच नव्हतीस हे त्या खोलीत निदान तिघांना माहीत होतं. तुला, बाबांना आणि मला.

तुझ्याकडून ती राहिली नव्हती. भिंतीवर लावलेल्या माझ्या कागदात ती नव्हती.

सरांनी ऑगस्टमध्ये फ्लोचार्ट शिकवला आणि रोजच्या कामाचा एक काढून आणायला सांगितलं. मला मोठी अक्कल सुचली. कारखान्यात दिवसातून चार वेळा लाईट जाते, आली की घाईने मेन वर करतात, मोटारी जळतात. मी कागदावर चौकोन आखले: बल्ब पेटला का, मीटरचा काटा स्थिर आहे का, असेल तर मेन वर करा. सरांनी दहापैकी नऊ दिले. शेठ इतका खूश झाला की कागद भिंतीला चिकटवून म्हणाला, आजपासून यात लिहिलंय तेवढंच करायचं, जास्त शहाणपणा नको. आणि मी, तुझ्याबरोबर शेलार गावच्या शेतात कैऱ्या चोरलेला मी, तुला बोट दाखवून म्हणालो, “कोंड्या, डोकं चालवू नकोस, चौकोनामागून चौकोन कर.”

हाळी लिहायची माझ्याकडून राहून गेली, असं लिहिणार होतो. आधीचे तीन कागद तसेच लिहिले आणि फाडले.

राहून गेली नव्हती. तू विचारलं होतंस. कागद चिकटवायच्या आधी त्यावर बोट फिरवून म्हणालास, “अवध्या, हाळीचा चौकोन कुठं हाय रे? ‘बटन मारतो’ म्हणायचं, ‘मार’ आलं की मग वर.” आणि मी हसलो. मी तो चौकोन कच्च्या कागदावर काढला होता आणि खोडला होता. अल्गोरिदमला शेवट पाहिजे, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. समोरून ‘मार’ आलंच नाही तर माणूस किती वेळ थांबणार? कायम? मग बाण फिरून फिरून तिथेच येतो आणि मार्क जातात. मी तुला म्हणालो, “असं थांबून राहणं शास्त्रात बसत नाही.” तू मान डोलावलीस. मी शिकलेला ना.

त्याच दिवशी लाईट गेलेली असताना मामा बंद लूममध्ये हात घालून अडकलेला धोटा काढत होते. ‘मार’ म्हणायला कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळच्या आत बाबांनी कागद भिंतीवरून काढला आणि मला म्हणाले, “गप्प राहायचं.” मी राहिलो. दोन महिने. वर्गात बसलो, परीक्षा दिली. मला लाज वाटते कोंडू.

काल मी शेलारला गेलो आणि मामांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “म्हंजी माझं कान शाबूत हायेत?” आणि रडले. कौसल्यामामी सांगत होत्या, चौकशी झाल्यापासून कुणी काही बोललं की ते दोनदा विचारून घेतात. हाळी आली नव्हती हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण सगळा कारखाना उलट बोलल्यावर माणसाने स्वतःचं किती दिवस खरं मानायचं?

मग त्यांनी विचारलं, “कोंडूला म्हायती व्हतं?” मी म्हणालो, त्याने विचारलं होतं, मीच नको म्हणालो.

तुला निरोप आहे. त्यांच्याच शब्दांत लिहितो. “त्याला सांग, बोटं गेली ती गेली. भाच्यानं तोंड लपवावं असं त्यानं काय केलं न्हाय. घरी ये.”

सोमवारी मी कामगार ऑफिसात लिहून देणार आहे. खोडलेल्या चौकोनाचा कच्चा कागद माझ्याकडे आहे, तोही जोडेन. बाबांना सांगितलं. ते जेवणावरून उठून गेले. पुढे काय होईल ते होईल, ते तुला कुणीतरी कळवेलच.

तू घरी जा. मी तिथे भेटेन अशी भीती बाळगू नकोस. उठताना मामांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, “तू मातर पुन्हा या दारात येऊ नको.”

तुझा असं लिहायला हात धजत नाही,
अवधूत