कपाट, कर्ण आणि सासूबाई

३ मार्च
जेवताना बायकोशी वाद. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या मते गणित आधीपासूनच आहे, माणसाला फक्त सापडलं. मी म्हटलं, हॅट! माणसानं बनवलं, माणसानंच वाकवावं. ती म्हणाली, आधी भांडी घास. मुद्दा संपला की लोक असंच करतात.

५ मार्च
रविवारी सासूबाई राहायला येणार. त्यांच्या लेखी मी बिनकामाचा. म्हणून त्यांच्या खोलीतलं कपाट मीच बनवणार. त्यांनी एकदा तरी 'वा, जावईबापू' म्हणावं, बस्स.
उंची छतापेक्षा दोन बोटं कमी. बायकोनं विचारलं, कर्ण मोजलास का? म्हणे जमिनीवर जोडलेलं कपाट उभं करताना तिरकं होतं, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप उंचीपेक्षा जास्त भरतं. मी म्हटलं, कपाट उभं राहणार आहे, तिरकं नाही. वह्या तपासायला निघून गेली. जिंकलो!

७ मार्च
कपाट तयार. खोलीभर आडवं पसरलंय. देखणं! गोंद सढळ हातानं ओतला. आता ब्रह्मदेवाचा बाप आला तरी फळी निघणार नाही. फक्त दारं राहिली.

८ मार्च, सकाळ
उभं करताना मध्येच अडकलं. छत चुकलंय.

दुपार
पुन्हा जोर लावला. छताचा पोपडा डोक्यात. बायको दारातून बघून गेली. मेली, बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळ
सुचलं! कर्ण लांब असतो हे लोकांनीच ठरवलंय. मतदान घेऊ. एक मत माझं, एक बायकोचं. निर्णायक मत सासूबाईंचं.

९ मार्च, रविवार
सासूबाई आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, पलंग बाहेर. मी दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे मांडल्या. त्या म्हणाल्या, गणित कुणी बनवलं ते मला नाही कळत, पण हे कपाट तुम्ही बनवलंय ते बघताक्षणी कळतं.
हे कौतुक धरावं का?

झोपताना
मायलेकी आमच्या पलंगावर. मी आडव्या कपाटात, खालच्या कप्प्यात. सरळ झोपलो तर पाय मावेनात. फळी काढून जागा करावी, तर ती निघेना. वैतागून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका झालो. अगदी ऐसपैस मावलो! आनंदानं ओरडून बायकोला सांगितलं.
भिंतीपलीकडून तिनं विचारलं, कर्ण बनवलास की सापडला?
सासूबाई खो खो हसल्या.
मी घोरायला लागलो.