पाठमोरा फोटो

प्रिय धाकट्या,

तुझं निमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आणि आत आमच्या दोन खोल्यांचा उल्लेख 'आमच्या कंपनीचा उपक्रम' असा. ते वाचून मी घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. सहा वर्षं तिथली फरशी मी पुसते, कंपाउंडरकाका दारात बसून पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना औषध लावतात, आणि उपक्रम तुझ्या कंपनीचा! पुरस्कार घ्यायला मी स्टेजवर यावं, दोन शब्द बोलावेत म्हणतोस. बोलायला माझ्याकडे पुष्कळ आहे रे, पण ते तुझ्या साहेबांना झेपायचं नाही.

आमचा नियम तुला पहिल्याच दिवशी सांगितला होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या त्या खोल्यांत शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांची खरी नावं दाराबाहेर राहतात. आत प्रत्येकाने आपलं नाव आपणच ठेवायचं, वहीतही तेच. म्हणून आमच्याकडे एक पैलवान आहे, एक डॉक्टरीणबाई आहेत आणि एक खारूताई. तुला गंमत वाटली. तू स्वतःचं नाव 'राजेसाहेब' ठेवलंस आणि पोरं फिदीफिदी हसली. पण हा खेळ नाही, हेही मी सांगितलं होतं. काही मुलांच्या मागावर माणसं असतात, आणि ती बहुतेक वेळा त्यांच्याच घरची असतात.

मग तुम्ही कंपनीची माणसं दप्तरं घेऊन आलात. दप्तरं चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण ती हातात पडण्याआधी मुलांना खाली रस्त्यावर रांगेत उभं केलंत. उजेड नीट नाही म्हणून पुन्हा उभं केलंत. फोटो नको म्हटल्यावर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "ताई, चेहरे नाही घेत, पाठमोरे घेतो. तेवढं कर ना माझ्यासाठी." आणि मी पाघळले. तुझ्या त्या 'माझ्यासाठी'पुढे लहानपणापासून माझं काही चाललेलं नाही. नियम माझा, आणि मोडला तोही मीच. पण निम्मी चूक तुझी आहे, आणि ती तुला पदरात घ्यावीच लागेल.

फोटो तुमच्या कंपनीच्या पानावर झळकला. सगळ्यांच्या पाठी, आणि कोपऱ्यात खालच्या दुकानाची पाटी, पत्त्यासकट. रांगेत तिसरी खारूताई, हिरव्या स्वेटरमध्ये. त्या स्वेटरच्या पाठीवर पांढरी वेल आहे. तो तिच्या आजीने विणलाय, म्हणजे बापाच्या आईने. त्या बापाला चेहरा कशाला हवा? आपल्या आईच्या हातचं विणकाम माणूस ओळखणार नाही?

मंगळवारी चार वाजता तो जिना चढून आला. बहात्तर वर्षांच्या कंपाउंडरकाकांनी दारात खुर्ची आडवी घातली आणि या नावाची मुलगी आमच्या वहीत नाही म्हणून ठणकावलं. खारूताई कपाटामागे बसली होती. रडली नाही, हूं की चूं केलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला इतकं गप्प बसता येतं याची मला भयंकर चीड आली. तो सहापर्यंत समोरच्या फुटपाथवर उभा होता. आम्ही तिला दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर काढलं. तिची आई लाँड्रीत इस्त्री करते, ज्या हाताचं हाड त्याने दोनदा मोडलंय त्याच हाताने. चौकीत गेलो, तर बाप मुलीला भेटायला आला यात गुन्हा काय, असं आम्हालाच विचारलं!

आणि तू? फोनवर पहिलं वाक्य काय, तर "अगं, पण चेहरा कुठे दिसतोय?" फोटो टाकायला तुम्हाला एक मिनिट लागलं होतं. हटवायला वरून परवानगी हवी म्हणून तीन दिवस लागले.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगते. आपले बाबा परगावी वारले, असं आईने तुला सांगितलं आणि मीही री ओढली. ते वारले नव्हते. आपण त्यांच्यापासून पळालो होतो. तू नऊ महिन्यांचा होतास, मी सात वर्षांची. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दारात आई आपल्याला घेऊन उभी राहिली. ओळख ना पाळख. त्यांनी काही विचारलं नाही, चौदा महिने आपल्याला ठेवून घेतलं. तू चालायला शिकलास तो त्यांच्या मशीनला धरून.

समारंभाला मी येणार नाही, पण हे कळवायला पत्र लिहिलेलं नाही. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ज्या बाईने ते तुझ्या हातात दिलं, ती खारूताईची आई. तिच्या मागे उभी आहे ती खारूताई. तिच्या बापाला तुझं घर माहीत नाही, आणि तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे. रागाच्या भरात मी फार लिहिलं, आणि तेवढा वेळ त्या दोघी दारात उभ्या आहेत. त्यांना आत घे.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई