पाठीवरची तिरकी रेघ

अहेरी,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

आदरणीय नीलिमाताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. इकडे धान कापणी चालू आहे, आई दिवसभर शेतात, धानाच्या बांधीत असते.

ताप आहे म्हणून येता येत नाही, असं तुम्हाला कळवलं होतं, पण मला ताप नाही. कधीच नव्हता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल.

तुम्ही दिलेल्या फोटोंवरून बाबांनी आपल्या पोथीच्या अठराही बांबूपट्ट्या हुबेहूब केल्या. चीनमधल्या थडग्यात दोन हजारांवर वर्षं पडून राहिलेली नीतीची पोथी, आणि तिच्यासाठी अंगणात बांबू सोलणारे माझे बाबा! केवढा अभिमान वाटला मला. ओवलेला दोरा कुजून गेलेला, म्हणून पट्ट्यांचा क्रम तुम्ही अर्थावरून लावलात. बाबांना चिनी कुठलं यायला? त्यांनी फोटोंत पट्ट्यांच्या पाठी पाहिल्या; तिथल्या रेघांना आपण ओरखडे समजत होतो.

"बाई, हे ओरखडे नाईत," ते मला म्हणाले. "फाडायच्या आधी बांबूवर तिरकी रेघ मारतेत. मंग पट्ट्या कितीबी सांडल्या, तरी रेघ जुळवली का झालं. मीबी तसाच करतो. तुमची सातवी अन् अकरावी चुकली."

मी त्या दोन्हींची अदलाबदल केली. रेघ सलग जुळली.

तुमच्या क्रमात सहावी पट्टी म्हणते, 'गुरूची चूक दिसली तर', आणि सातवी म्हणते, 'मौन राखावे, हीच निष्ठा'. तुमचं अख्खं पुस्तक त्या मौनावर उभं आहे. ताई, ते मौन दहाव्या पट्टीतल्या परक्याच्या चुकीसाठी आहे. गुरूच्या चुकीपुढे तुमची अकरावी पट्टी येते, 'तोंडावर सांगावे, हीच निष्ठा'.

हे मला वीस दिवसांपासून ठाऊक आहे. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सगळं जुळतंय ना?" मी "हो" म्हणाले. घाबरले होते. तुमच्याच घरी राहून, तुमच्या हाताखाली संशोधन शिकले. तुम्ही दार लावून घेतलंत, तर मी कुठे जाऊ?

बाबा रोज विचारतात, "मॅडमले सांगतलं का?" आज चिडून म्हटलं, त्यांना किती वाईट वाटेल!

"वाटन. पण पुस्तक छापल्यावर दुसऱ्या कोन्या बांबूवाल्यानं दाखवलं, त मंग?"

शुक्रवारी पुस्तक छपाईला जातंय. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी पुन्हा "हो" म्हणेन. म्हणून उद्या दसरूमामा बसने नागपूरला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि अठराही पट्ट्या देते. आधी त्या उलट्या मांडून पाहा. माझ्यावर नंतर रागवा.

तोंडावर सांगायला जमलं नाही, तरीही तुमचीच,
दिव्या