बागेतला नियम

भंवरकुआँ, इंदूर
९ जानेवारी २०२६

ती. सरलाआत्यास,
सुजयचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. आज तर ओरडण्यासारखंच आहे.

निधीबद्दल तुला सांगितलं होतं ना? आमच्या ठेल्यामागच्या लायब्ररीत अभ्यासाला बसते ती, खंडव्याची. यूपीएससीची मेन्स पास झाली ती, फेब्रुवारीत दिल्लीला इंटरव्ह्यू आहे. रोज सकाळी आमच्याकडे पोहे खाते, सेव कम, वरून जीरावन मसाला जास्ती. माझा पार्टनर ऋषभ म्हणतो की तिची प्लेट भरताना माझा हात थांबतो आणि बाकीचं गिऱ्हाईक उपाशी मरतं. मरू दे.

ती आणि तिच्यासारखे इंटरव्ह्यूवाले सकाळी बागेत गोल करून बसतात आणि पेपरातल्या एखाद्या सरकारी धोरणावर बहस करतात. सोमवारी मी चहाची केटली घेऊन गेलो, तर विषय चालला होता रस्त्यावरचे ठेले हटवावेत का. आत्या, निधी म्हणाली हटवावेत! फूटपाथ चालणाऱ्यांचा आहे, पोह्यांच्या वासाने तो ठेलेवाल्यांचा होत नाही, आणि दया आली म्हणून कायदा वाकवायचा नसतो. आणि त्यांच्यातलाच तो मानस, जो आमची प्लेट रुमालाने पुसल्याशिवाय हात लावत नाही, तो ठेलेवाल्यांच्या पोटापाण्यासाठी असा कळवळून बोलला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग माझं दिमाग फिरलं. सगळ्यांदेखत तिला सुनावलं की कलेक्टर झालीस की पहिला बुलडोझर आमच्याच कढईवर फिरव, आणि उद्यापासून तुला इथे प्लेट मिळणार नाही. केटली तिथेच आपटून निघालो.  तेव्हापासून ती आलेली नाही.

चूक तिचीच ना? पण जीव कशात लागत नाही. काल पोह्यांत मीठच घातलं नाही मी. इंदूरच्या लोकांनी बिनमिठाचे पोहे खाऊन मला काय काय म्हटलं असेल, ते तुला लिहिण्यासारखं नाही.

बाबांना यातलं काही कळवू नकोस. आधीच बोलत नाहीत.
तुझ्या मायेचं एक माणूस इथे उपाशी आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
सुजय

*

गौतमपुरा
१५ जानेवारी २०२६

चि. सुजयास,
अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ आहे. तुझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा नाही, निदान खाताना तरी तोंड बंद राहील.

कॉलेज तू असंच सोडलंस. सरांनी वर्गात एक वाक्य टाकलं, पुढचं ऐकायच्या आत तू आयकार्ड टेबलावर फेकून बाहेर. सर नंतर शरदला भेटले तेव्हा म्हणत होते की माझं वाक्य अर्धंच झालं होतं. शरदने ते तुला सांगितलं नाही, कारण तोही तुझ्यासारखाच तापलेला. दोघं बापलेक एका भट्टीचे.

दिवाळीनंतर आमच्या गावात हिंगोट खेळतात, तुला लहानपणी खांद्यावर बसवून दाखवलंय. फळात बारूद भरून पेटवलेला हिंगोट समोरच्यावर फेकायचा, पण पेटतो तो आधी फेकणाऱ्याच्या हातात. तुझं तसं आहे.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. मला तुझ्या पत्रात एक गोष्ट खटकली. रोज तुझे पोहे खाणारी म्हणते ठेले हटवा, आणि नाक मुरडणारा म्हणतो राहू द्या. असं उगाच होतं का रे? रागवायच्या आधी जाऊन विचार. विचारायला पदवी लागत नाही.

शरद संक्रांतीला येऊन गेला. तुझं नाव काढलं नाही. फक्त जाताना, बूट घालता घालता, थंडीत ठेल्यावर स्वेटर घालून उभं राहतात का लोक, असं विचारलं. मी म्हटलं, लोकांचं मला काय ठाऊक.

प्रकृतीस जप, आणि जिभेस त्याहून.

तुझी,
सरलाआत्या

*

भंवरकुआँ, इंदूर
१२ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू शाळेत मुलांना किती छळलं असशील ते आता कळलं. मानसला गाठून विचारलं. तो आधी हसला, मग त्याने सांगितलं की त्यांच्या गोलाचा नियमच तसा आहे. ज्याला जे पटतं त्याने त्याच्या उलट बाजूने बोलायचं, म्हणजे इंटरव्ह्यूच्या बोर्डासमोर दुसऱ्याची बाजू ऐकून भडकायला होत नाही. निधीला ठेले हवेत, म्हणून तिला हटवावेत म्हणावं लागलं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं तर मीही नव्हतं.

माफी मागायला बागेत गेलो. निधी म्हणाली की माफी नंतर, बसायचं असेल तर नियम लागू. विषय तोच, बाजू ठेले हटवण्याची! आधी मी फुगून बसलो. मग बोलताना पलक आठवली. ती व्हीलचेअरवर लायब्ररीत येते. फूटपाथवर आमचा ठेला असायचा, म्हणून तिला रोज भर ट्रॅफिकमध्ये खाली उतरावं लागायचं. ती वळसा घालायची तेव्हा मी तिला राम-राम करायचो, आत्या. हसून! ठेला हलवावा असं एकदाही सुचलं नाही. तेवढं सांगून खाली बसलो. कोणी टाळी वाजवली नाही, निधीने पाण्याची बाटली पुढे केली, बस.

दुसऱ्या दिवशी ऋषभ आणि मी लायब्ररीच्या मालकांना भेटलो. त्यांनी कंपाउंडच्या आत जागा दिली. धंदा थोडा बसलाय, ऋषभ कुरकुरतोय. पण पलक आता फूटपाथवरूनच जाते. निधीही परत यायला लागली.

आता खरी गोष्ट. काल निधी दिल्लीला गेली. जायच्या सकाळी बागेत सगळे जमले. ती उभी राहिली आणि म्हणाली की नियम लागू आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली की सुजय तिला अजिबात आवडत नाही, त्याचे पोहे तिला दिल्लीत मुळीच आठवणार नाहीत, आणि ती परत आली की त्याने स्टेशनवर यायची काही गरज नाही.

माझं डोकं तापायलाच लागलं होतं, तेवढ्यात मानसने कोपर मारलं. मग समजलं. मी उठून म्हणालो की देव करो आणि तू नापास होवोस, मला फार आनंद होईल. सगळे हसले. ती हसता हसता डोळे पुसत होती.

आता ती ऑफिसर झाली तर मी कुठे, हे डोक्यातून जात नाही. कॉलेज अर्धं, ठेला अर्ध्या भागीचा. तू काय म्हणतेस ते लिही, पण सरळ लिही. उलटंसुलटं समजायला मला वेळ लागतो, हे आता जगजाहीर आहे.

पुढच्या पत्राची वाट बघतो, माया होती तेवढी ठेव.

तुझा,
सुजय

*

गौतमपुरा
१८ फेब्रुवारी २०२६

चि. सुजयास,
आशीर्वाद. सरळ लिहिणार नाही. या पत्राला बागेतला नियम लागू आहे.

मुलगी अगदी वाईट आहे, तिला कधी माझ्याकडे आणू नकोस. ठेला हलवलास हे काही बरं केलं नाहीस. कॉलेजचं राहिलेलं शिक्षण पुरं करायचं मनातसुद्धा आणू नकोस, आणि ते ठेला सांभाळून करता येतं का, हे तर कोणाला विचारूच नकोस.

शरदला तुझी आठवण मुळीच येत नाही. तुझी ही पत्रं मी त्याला दाखवली नाहीत, आणि त्याने ती दोनदा वाचली नाहीत. येत्या रविवारी सकाळी तो तुझ्या ठेल्यावर पोहे खायला येणार नाही. त्याच्या हातातल्या पिशवीत तुझा जुना निळा स्वेटर नसेल. पैसे देऊ लागला तर घे. आणि तो काही बोलू लागला की त्याचं वाक्य पुरं होऊ देऊ नकोस, मध्येच भडक.

माझा तुझ्यावर तिळमात्र लोभ नाही.

तुझी कोणीही नसलेली,
सरलाआत्या