कठड्याशिवायचा जिना

३ सप्टेंबर

ती. वन्संना सविनय नमस्कार.

तुमचं पत्र परवा पोचलं. गुडघ्याचे टाके निघाले, काठीशिवाय फाटकापर्यंत जाऊन येता, हे वाचून बरं वाटलं. आता लगेच घर आवरायला घेऊ नका. तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते.

मी ठीक आहे. वेळेवर जेवते. शेजारच्या बाई दुपारी येऊन बसतात आणि माझ्यापेक्षा जास्त त्याच रडतात, मग मलाच त्यांची समजूत काढावी लागते. ‘एकटी राहू नकोस, इकडे ये’ असं तुम्ही दर पत्रात लिहिता. त्याचं उत्तर याही वेळी देत नाहीये, रागावू नका.

आता कामाचं. कंत्राटदारावरच्या तक्रारीची सुनावणी अठरा तारखेला आहे. वकील म्हणतात, मामला सरळ आहे. वरची खोली बांधायची, जिना करायचा, जिन्याला कठडा लावायचा, एवढं त्याने कबूल केलं होतं. खोली झाली, जिना झाला, आणि कठड्यावाचून तो जिना चार महिने तसाच राहिला. मार्च महिन्यात तुम्ही आठ दिवस इथे होतात, म्हणून तुम्ही साक्षीला यावं असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही त्याला दोनदा कसं फैलावर घेतलं होतं ते मी त्यांना सांगितलं. तुम्ही गेल्यावरही तो बरेच दिवस फाटकातूनच विचारायचा, “आत्याबाई आहेत का घरात?” आणि नाहीत म्हटल्यावर मगच आत यायचा.

मी अर्धवट कामांची यादी केली आहे. खिडकीची कडी लागत नाही. मोरीचा उतार उलट्या बाजूला आहे. दिव्याचं बटण दाराच्या मागे गेलंय. अशी बावीस कलमं झाली. ‘वाटेतच आहे, आलोच’ असं फोनवर सांगायचा तेव्हा तो घरी चहा पीत असायचा, हे मात्र यादीत घालता येत नाही.

खोलीत उजेड छान येतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, आता एक खोली स्वतःसाठी, उत्तरेकडच्या उजेडाची, असं हे म्हणायचे. काम बघायला रोज वर जायचे, पण रंग होऊन त्या खोलीत बसणं किती झालं, तर अकरा दिवस. मी वर जात नाही.

आणखी एक. लिहू की नको असं करत होते. दुपारी चारच्या सुमाराला जिन्यावर चपला वाजतात. वरून खाली. चार पायऱ्या ऐकू येतात, मग नाही. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांना काही ऐकू येत नाही. फरशा तापून तडकत असतील. नवीन काम आहे.

प्रकृतीला जपा. साक्षीचं कळवा.

तुमची भावजय


९ सप्टेंबर

ती. वन्संना नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

कंत्राटदाराने तक्रारीला लेखी उत्तर दिलं. वकिलांनी मला ते वाचून दाखवलं, दोन ओळींचं. ‘कठडा वेळेत बसवला गेला नाही हे खरं आहे. मला आणखी काही सांगायचं नाही.’ वकील खूश झाले. म्हणाले, असा प्रतिपक्ष आयुष्यात भेटला नाही. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

काल दुपारी तो स्वतः आला. फाटकाशीच उभा राहिला. केस पांढरे झालेत, की आधीपासून होते आणि मी बघितले नव्हते, कोण जाणे. म्हणाला, “वहिनी, वर माझा ओळंबा राहिलाय. तेवढा घेऊन जातो.” मी बाजूला झाले. तो भिंतीला अंग घासत चढला. जिना त्यानेच बांधलेला, पण एखाद्या परक्या घरात चोरपावलांनी जावं तसा चढला. उतरला तेव्हा हातात ते दोरीला बांधलेलं वजन लोंबत होतं. ते त्याने मुठीत धरलं आणि स्थिर केलं.

मी विचारलं, “उत्तरात तुम्ही ते का लिहिलं नाहीत?”

“काय?”

“तुम्हाला माहीत आहे काय.”

त्याने ओळंब्याची दोरी बोटांना गुंडाळली. मग म्हणाला, “चूक माझीच आहे, वहिनी. जिना झाला की आधी कठडा, मग फरशा. फरशीवाला मोकळा होता म्हणून मी फरशा आधी बसवून घेतल्या. साहेब चढायला लागले. तेव्हाच मी जिना बंद करायला हवा होता.”

“मी ते विचारत नाहीये.”

“दुसरं लिहून काय होणार?” तो म्हणाला. “मला रोज नवीन घर बघायचंय. तुम्हाला याच घरात राहायचंय.”

वन्सं, तुम्हाला माहीत नाही ते सांगते. हे गेले तो बुधवार. त्याच्या आधीच्या शनिवारी कंत्राटदार कठडा घेऊन आला होता. टेम्पो दारात उभा, वेल्डर बरोबर. मी बघितला आणि म्हटलं, हा नाही. मी पसंत केला होता त्याला वरून लाकडी पट्टी होती आणि मधल्या गजांना वेलीसारखं वळण होतं. हा सरळ गजांचा, नुसता लोखंडी. तो म्हणाला, “आज हा बसवतो, पट्टी आली की बदलून देतो.” मी म्हटलं, तुमचा ‘बदलून देतो’ मी चार महिने ऐकते आहे. एकदा बसला की तो माझ्या डोक्यावरच बसणार. हे वरून म्हणाले, “बसवू दे गं.” मी यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेम्पो परत पाठवला. यांच्यादेखत त्याला नाही नाही ते बोलले, आणि जिंकल्यासारखी घरात आले.

वकिलांना हे मी सांगितलेलं नाही. पोलिसांनाही नाही. तुम्हाला आज सांगते आहे, आणि ही शाई वाळेपर्यंत पत्र फाडलं नाही तर टाकेन.

तुमची भावजय


१६ सप्टेंबर

वन्सं,

तुमचं उत्तर उलट टपाली आलं. वाचताना तुमचा आवाज ऐकू येत होता. ‘तू त्याच्या रडगाण्याला भुलू नकोस. चुकीचा माल परत पाठवला यात तुझा काय गुन्हा? आणि कठडा नव्हता तरी दोरी होती. मी मार्च महिन्यात तीच धरून चढले-उतरले आणि माझा हा गुडघा असतानासुद्धा पडले नाही. मग त्या दिवशी दोरी कुठे होती, हे त्याला विचार.’

तुम्ही त्याला विचारायला सांगितलंत. हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता.

दोरी मी सोडली होती.

कंत्राटदाराने ती फरशा बसवल्या तेव्हाच बांधली होती. दर तीन पायऱ्यांवर एक खुंट, आणि वरपासून खालपर्यंत जाड दोरी, प्रत्येक खुंटाला गाठ मारलेली. कठडा परत पाठवल्यानंतर मला ती दोरी नजरेसमोर नको झाली. बुधवारी दुपारी माझ्या दोन मैत्रिणी नवी खोली बघायला येणार होत्या. म्हटलं, गोठ्यासारखं दिसतं. सकाळी हे वर काम करत होते तेव्हा मी एकेक गाठ सोडली. गाठी घट्ट होत्या, नखं दुखली. त्या गेल्या की परत बांधू, असं ठरवलं होतं. यांना सांगायचं मनात होतं. मग ओट्याशी लागले आणि राहिलं.

चारला त्या फाटकात आल्या. मी खालून हाक मारली, “अहो, खाली या, चहा टाकलाय.” हे आले. चार पायऱ्या नीट उतरले. मग, चार महिने रोज टाकत होते तसा, न बघता, हात उजवीकडे टाकला.

वन्सं, मी तो हात बघितला. तिथे दोरी नाही हे त्या हाताला कळलं आणि मग यांच्या चेहऱ्याला कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी विचारायचं राहिल्यासारखं. गेले पाच महिने मी तेवढंच बघते आहे. जेवताना, कपडे वाळत घालताना, तुमची पत्रं वाचताना. तुम्ही लिहिता, ‘त्याला सोडायचं नाही.’ आणि मी वाचते, मला.

कंत्राटदार त्या दिवशी संध्याकाळी आला होता. सगळे तुमच्या येण्याची वाट बघत होते. तो एकटाच जिन्याशी वाकून एकेका खुंटावरून हात फिरवत होता. दोरी तुटली असती तर खुंटाला दशा राहिल्या असत्या. त्याला तेव्हाच कळलं. तो पाच महिने गप्प राहिला, तुमच्या शिव्या खाल्ल्या, हातातली दोन कामं गेली, आणि मी त्याच्या नावाची बावीस कलमं लिहीत बसले.

सोमवारी वकिलांकडे जाऊन सगळं लिहून दिलं, सही केली. तक्रार मागे घेते आहे. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “बाई, हे लिहायची गरज होती का? कोणी सिद्ध करू शकलं नसतं.” मी म्हटलं, होय, म्हणूनच. पोलिसांकडे जावं लागलं तर जाईन. अठरा तारखेला तुम्ही प्रवासाची दगदग करू नका.

काल कंत्राटदाराला बोलावून घेतलं आणि तो परत पाठवलेला, सरळ गजांचाच कठडा बसवून घेतला. दोन तासांचं काम होतं. मी जिन्याच्या तळाशी उभी होते. काम संपल्यावर तो म्हणाला, “हलवून बघा, वहिनी.” माझ्याने हात लावला गेला नाही. त्यानेच हलवून दाखवला.

आई गेल्यावर तुम्ही यांना हाताने भरवून मोठं केलंत. तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होतात, हे यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. त्यांना तुम्ही माझ्या हवाली केलंत. म्हणून हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटलं. माफ करा असं लिहीत नाही, तो शब्द इथे पुरणार नाही. तुम्ही या म्हणालात तर येईन. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालात तरी ते तुमच्याच अक्षरात वाचायला मिळावं, एवढीच इच्छा आहे.

इतकी वर्षं प्रत्येक पत्राखाली जी सही केली, ती आज तुम्हाला विचारल्याशिवाय करवत नाही. तोवर,

तुमच्या भावाची बायको