चतुर्थीला चालणारं चीज

तीर्थरूप राजाभाऊ,

कोलोनहून ऊर्मिलाचा नमस्कार (गुडघ्यांमुळे वाकून नाही, पण मनापासून). तुझी शुगर आणि वहिनीची कंबर दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मधेच बोलतोस.

हे गेल्यापासून आमच्या घरातले मोठे निर्णय तूच घेतोस. तेव्हा तू सोपवलेल्या कामगिरीचा वृत्तान्त तुला द्यायलाच हवा. माझ्या क्षितिजला त्या स्पॅनिश मुलीपासून, साबेलापासून, सोडवायचं एवढंच आपलं ठरलं होतं. मुलीच्या आईनं, कार्मेबाईंनी, रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. ज्या घराला नकार द्यायचा त्या घरचं खायचं नाही, हे मी पक्कं केलं होतं (खाल्ल्या मिठाला जागावं लागतं ना). म्हणून ताट समोर येताच जाहीर केलं, "आज माझी चतुर्थी आहे." नव्हती. पण इथे पंचांग कोण बघतंय!

घात केला आपल्याच पोरानं. कार्मेबाईंचा चेहरा पडलेला बघून हा त्यांना जर्मनमध्ये समजावू लागला, "आल्झो, म्हणजे कसं, आईला उपासाला दूध आणि फळं चालतात." त्या लगेच उठल्या आणि आतून एक पिवळसर, टोकदार गोळा घेऊन आल्या. मोठा मोदकच म्हण, फक्त कळ्या पाडायच्या राहिलेल्या. गाईच्या दुधाचं चीज, त्यांच्या गालिसिया प्रांतातलं. सोबत पेरूसारख्या कुठल्याशा फळाचा गर आटवून केलेली लालसर वडी. आता दूध आणि फळ म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? (दूध विरजायला त्यात काय घालतात ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.) चीजची एक फोड वडीवर ठेवून तोंडात टाकली. राजाभाऊ, काय सांगू! आत लोण्यासारखं मऊ, मीठ अगदी बेताचं, मागून किंचित ताकाची आंबट चव, आणि खाली ती गोड वडी. डोळेच मिटले माझे.

उघडल्यावर विचारलं, याला म्हणतात काय? "तेतिया," एवढं सांगून क्षितिज लालबुंद झाला. अर्थ काही सांगेना. शेवटी कार्मेबाईंनीच हसत स्वतःच्या छातीकडे बोट केलं. मी तो गोळा पुन्हा नीट पाहिला आणि मला असं हसू फुटलं की ठसकाच लागला. त्या हसत हसत माझी पाठ थोपटतायत, माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय, आणि आमची दोन्ही कार्टी माना खाली घालून बसलेली. पोरं वाढवलेल्या बायकांना त्यात लाज कसली, सांग!

जरा शांत झाल्यावर साबेला तोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तुम्हाला काही बोलायचं?" (मराठी शिकतेय, मला कुणी सांगितलंच नव्हतं.) आठवडाभर पाठ केलेलं नकाराचं वाक्य मी ओठांवर आणलं. बाहेर पडलं ते, "अजून थोडं मिळेल का?" पण हसण्याच्या भरात सगळ्यांनी मिळून चीज संपवलं होतं. पोरीनं स्वतःसाठी राखून ठेवलेली शेवटची फोड गुपचूप माझ्या ताटलीत ठेवली. त्यानंतर मला ते वाक्य काही आठवेना.

कामगिरी जरा लांबली आहे, एवढंच सध्या समज.

तुझी,
ऊर्मिला

ता.क. साखरपुडा डिसेंबरात पुण्यात. मुलाचा मामा म्हणून सगळं तू बघशील, असं मी सांगितलंय.

ता.क. २ कार्मेबाई, त्यांचे यजमान आणि त्यांच्या दोघी बहिणी तुझ्याकडे वरच्या मजल्यावर उतरतील.

ता.क. ३ वहिनीला विचारत बसू नकोस. तिला मी कालच फोन केला. तिनं पडदे धुवायला काढलेत.